भक्ष्याभक्ष्यविचार, कोल्हापूर परिसरातील

भक्ष्याभक्ष्यविचार : कोणते अन्न खावे, कोणते खाऊ नये, कोणी शिजविलेले खावे, कोणाच्या पंक्तीस बसावे व कोणत्या काळी काय वर्ज्य करावे, यांविषयी धर्मशास्त्राने व लोकाचाराने घालून दिलेल्या नियमांचा समुच्चय. धर्मशास्त्रात हा विषय आचारकांडात येतो. नियमभंगाबद्दलची शुद्धी मात्र प्रायश्चित्तकांडात सांगितलेली असते. प्रस्तुत नोंदीत या नियमांची शास्त्रीय बैठक थोडक्यात सांगून कोल्हापूर परिसरातील त्यांचे स्वरूप व स्थित्यंतर यांचा विचार केला आहे. शैव, शाक्त, वैष्णव, जैन व वीरशैव या परंपरा येथे शतकानुशतके शेजारी नांदल्या असून विसाव्या शतकाच्या आरंभी अन्नव्यवहाराचा प्रश्न याच संस्थानात राजकीय महत्त्वास चढला.

वैदिक वाङ्‌मयावरून त्या काळी मांसाशन निषिद्ध नव्हते असे दिसते. शतपथ ब्राह्मणात गाय व बैल यांचे मांस खाऊ नये असा निषेध आढळतो. परंतु त्याच ठिकाणी याज्ञवल्क्याचे वेगळे मतही नोंदविलेले आहे. आपस्तंब धर्मसूत्रात तर हे मांस भक्ष्य ठरविले आहे. निषेध व अनुज्ञा यांचे असे एकत्र अस्तित्व पुढील स्मृतींतही टिकून राहिले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसभक्षणाची अनुज्ञा देणारी आणि त्याची निंदा करणारी वचने लागोपाठ येतात. मांसभक्षणात दोष नाही, पण निवृत्ती मोठे फळ देणारी आहे, हा त्यांतून निघालेला समन्वय होय. लसूण, गृंजन, कांदा व भूछत्रे मनूने द्विजांना वर्ज्य सांगितली आहेत. पाच नखांच्या प्राण्यांपैकी साळिंदर, घोरपड, कासव, ससा अशा मोजक्याच प्राण्यांना सूट दिली आहे. संकटकाळ मात्र या सर्वांना अपवाद मानला जाई. क्षुधेने व्याकूळ झालेल्या विश्वामित्राने कुत्र्याचे मांस खाण्याची तयारी केली, हा मनूनेच दिलेला दाखला आहे. छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायणाची कथा याहून मार्मिक आहे. दुष्काळात त्याने हत्ती बाळगणाऱ्याचे उष्टे कुळीथ खाल्ले. पाणी मात्र नाकारले. कुळीथ न खाता तर प्राण गेले असते, पाणी मात्र अन्यत्र मिळण्यासारखे होते, असा त्याचा युक्तिवाद होता.

निबंधकारांनी अन्नदोषांचे वर्गीकरण केले. पदार्थाच्या जातीतच असलेला दोष (उदा., लसूण), शिळे होणे किंवा आंबणे यांमुळे आलेला दोष, ग्रहणादी काळामुळे येणारा दोष, आणि दुष्ट व्यक्ती वा वस्तू यांच्या संपर्काने येणारा दोष असे त्याचे मुख्य प्रकार आहेत. ज्याच्या दर्शनाने मनात किळस उत्पन्न होते, तेही अन्न त्याज्य मानले आहे. वर्गीकरणात हे सर्व दोष एका रांगेत असले, तरी समाजव्यवहारात त्यांचे वजन सारखे राहिले नाही. पहिला दोष व्रताने, सवयीने किंवा सोयीने सैल होत गेला. संपर्कदोष मात्र जातिव्यवस्थेचा कणाच बनला.

कोणाचे अन्न घ्यावे याविषयी प्राचीन ग्रंथ तुलनेने उदार होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. आर्यांच्या देखरेखीखाली शूद्रांनी वैश्वदेवाचे अन्न शिजवावे, असे आपस्तंब सांगतो. अर्धेलीने शेती करणारा, कुलमित्र, गोपाल, दास व न्हावी यांचे अन्न मनूने चालवून घेतले आहे. मध्ययुगातील कलिवर्ज्य प्रकरणाने या सवलती काढून घेतल्या. उलट, ज्यांचे अन्न खाऊ नये अशांच्या मनूने दिलेल्या यादीत वैद्य, सोनार, नट व सावकार यांच्याबरोबर राजाही आहे. राजाश्रयावर जगणाऱ्या शास्त्रीपंडितांनी हे वचन फारसे मनावर घेतल्याचे दिसत नाही.

महाराष्ट्रात या नियमांचा व्यवहारातील आधार स्मृतींपेक्षा उत्तरकालीन निबंधग्रंथ हाच होता. कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु (१६१२) व पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु (१७९०-९१) हे त्यांत प्रमुख होत. चातुर्मासात श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध व कार्तिकात द्विदल धान्ये वर्ज्य करावीत, हा निबंधग्रंथांतला क्रम फार थोड्या घरांत पूर्णपणे पाळला गेला. त्याऐवजी कांदा, लसूण व वांगे यांचा चातुर्मासातील त्याग सर्वत्र रूढ झाला. आषाढ शुद्ध नवमीस कांद्याचे पदार्थ करून खाण्याची ‘कांदेनवमी’ आणि मार्गशीर्षातील चंपाषष्ठीस भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा खाण्यास आरंभ करणे, या दोन्ही प्रथा नियमाइतकाच नियमापूर्वीचा व नंतरचा आनंदही जपतात.

उपवासाचे अन्न हा याहून बोधप्रद विषय आहे. शास्त्राने व्रतस्थास हविष्यान्न सांगितले; जव, तांदूळ, मूग, तीळ, दूध, तूप असे त्याचे स्वरूप होते. आजच्या मराठी उपवासाच्या ताटातील बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्यापासून होतो ते टॅपिओकाचे कंद ही सर्व मूळची अमेरिका खंडातील पिके असून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती भारतात आली. स्मृतिकारांना ती ठाऊकच नव्हती. तरीही गहू, ज्वारी, तूर निषिद्ध आणि साबुदाण्याची खिचडी शुद्ध, हा निर्णय कोणत्याही धर्मसभेने न देता घराघरांतून झाला. अज्ञात वस्तूविषयी शास्त्र मौन असल्यास ती धान्यात मोडते की फलमूलात, एवढाच प्रश्न गृहिणींनी विचारला असावा. कंदास फलमूलाचा दर्जा मिळाला व वाट मोकळी झाली.

कोल्हापूर परिसरात शाकाहाराची परंपरा मुख्यतः तीन दिशांनी दृढ झाली. शिलाहारांच्या काळी, विशेषतः बाराव्या शतकात गंडरादित्याच्या कारकीर्दीत, कोल्हापूर हे जैनांचे मोठे केंद्र होते. त्याचा सामंत निंबदेव याने येथे रूपनारायण बसदी उभारली. मद्य, मांस व मध यांबरोबर वड, पिंपळ, उंबर आदी पाच वृक्षांची फळे वर्ज्य करणे हा श्रावकाच्या आचाराचा पाया होय; सूर्यास्तानंतर न जेवणे व कंदमुळे टाळणे हेही नियम त्यास जोडले गेले. शिरोळ व हातकणंगले तालुक्यांत शेती करणारा जैन समाज मोठ्या संख्येने असल्याने हे नियम पेढ्या व बाजारपेठांपुरते न राहता शिवारात पोहोचले. वीरशैव समाजाने मद्यमांसाचा निषेध कडकपणे पाळला. तिसरा प्रवाह वारकऱ्यांचा. तुळशीची माळ घालणारा ‘माळकरी’ कोणत्याही जातीचा असो, मांस सोडतो. शाकाहार येथे जन्माने न येता व्यक्तीच्या निश्चयाने येतो, आणि एकाच घरात मांसाहारी व माळकरी यांच्यासाठी वेगळी भांडी राखली जातात.

दुसरीकडे शाक्त परंपरा व क्षत्रिय राजकुल यांमुळे मांसाहाराला येथे प्रतिष्ठा लाभली. करवीरनिवासिनी महालक्ष्मी अथवा अंबाबाई हिला शाकाहारी नैवेद्य दाखविला जातो. नवरात्रात ललितापंचमीस देवीची पालखी त्र्यंबोलीच्या (टेंबलाईच्या) टेकडीवर जाते व तेथे कोहळा फोडण्याचा विधी होतो. कोल्हासुराच्या वधाशी जोडला गेलेला हा कूष्मांडबली रक्तबलीचा पर्याय समजला जातो. त्याच टेकडीवर आषाढात निघणाऱ्या यात्रेत पंचगंगेचे नवे पाणी देवीला वाहतात आणि गल्लोगल्लीच्या तालमी व मंडळे मटणाचा नैवेद्य करतात. दोन-तीन महिन्यांच्या अंतराने एकाच देवतेपुढे दोन भिन्न आहारधर्म नांदतात, आणि यात विसंगती आहे असे भाविकांस वाटत नाही. वारांचे नियमही असेच कुळागणिक बदलतात. सोमवार, गुरुवार व शनिवार हे बहुतेकांचे वर्ज्य वार. जोतिबा ज्यांचे कुलदैवत आहे अशा काही घराण्यांत रविवारही पाळला जातो. एरवी रविवार हा तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा वार आहे.

नियमभंगाचा निवाडा कोण करीत असे, हा प्रश्न कोल्हापूरच्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो. जातीतील तंट्यांना ‘ग्रामण्य’ म्हणत. पश्चिम महाराष्ट्रातील ब्राह्मणवर्गाच्या अशा प्रकरणांत संकेश्वर-करवीर पीठाच्या शंकराचार्यांचा अधिकार मानला जाई. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी व्याख्यानानंतर चहा घेतला. गोपाळराव जोशी यांनी त्याची जाहीर वाच्यता केली तेव्हा उठलेले वादळ अखेर शंकराचार्यांनी नेमलेल्या आयोगापुढे गेले. उपस्थितांत महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक हे दोघेही होते. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. एक पेला चहात निषिद्ध पदार्थ कोणताच नव्हता. वाद केवळ देणाऱ्या हाताचा होता.

हाच प्रश्न छत्रपती शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) आपल्या संस्थानात पुढे आणला. १८९९ मध्ये उद्भवलेले वेदोक्त प्रकरण मंत्रांविषयी होते, अन्नाविषयी नव्हे. परंतु त्यातून शुद्धाशुद्धतेचा निर्णय देणाऱ्या अधिकारालाच आव्हान मिळाले. १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या राजाराम वसतिगृहात पुढे केवळ ब्राह्मण विद्यार्थीच उरले. तेव्हा महाराजांनी जातवार वसतिगृहांचा मार्ग धरला. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग (१९०१), मुस्लिम बोर्डिंग (१९०६), वीरशैव लिंगायत विद्यार्थी वसतिगृह (१९०७) व अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह (१९०८) ही त्यांतली काही होत. या धोरणावर जातिभेद वाढविल्याचा आक्षेप घेतला जातो. मात्र प्रत्येक जातीची चूल व पंक्त वेगळी असताना सामायिक भोजनगृहाचा आग्रह धरला असता, तर खेड्यातील पालकांनी मुले शहरात पाठविलीच नसती, ही वस्तुस्थिती विसरून चालणार नाही.

कारकीर्दीच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी थेट व्यवहारातून हा निर्बंध मोडला. १९१९ मध्ये सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने येथे अस्पृश्यता पाळण्यास बंदी करण्यात आली. संस्थानच्या पागेतील महार नोकर गंगाराम कांबळे यांना मराठ्यांच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना द्रव्यसाहाय्य देऊन भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढावयास लावले. स्वतःची गाडी तेथे थांबवून ते चहा घेत व बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींसही तो पाजीत. आज्ञेने पाणवठा खुला करता येतो. पेला ओठाला लावावयास मात्र राजाने आधी स्वतः लावावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. मार्च १९२० मध्ये माणगाव (ता. हातकणंगले) येथील परिषदेत त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या रजपूतवाडीच्या मुक्कामी भोजनाचे जाहीर निमंत्रण दिले, तेही याच धोरणास धरून होते.

भारतीय संविधानाच्या (१९५०) अनुच्छेद १५ अन्वये उपाहारगृहे व विहिरी सर्वांस खुल्या झाल्या व अनुच्छेद १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. संपर्कदोषाचा कायद्याने असा अंत झाल्यावर वाद पुन्हा पदार्थाकडे वळला. गोहत्याबंदीविषयीचा महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम १९७६ चा असून २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. राज्याबाहेरून आणलेले असे मांस बाळगण्यावरील निर्बंध मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द ठरविला. कोल्हापुरात उडुपी व लिंगायत खानावळी आणि मटणाच्या खानावळी एकाच रस्त्यावर चालतात. पंक्तिभेद सार्वजनिक जेवणातून बहुतांशी गेला असला, तरी घरभाड्याच्या अटींत आणि लग्नसंबंध जुळविताना आहाराची चौकशी आजही आधी होते.