क्लिक चुकतोय की मी? मेट्रोनोमच्या दोनशे वर्षांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग आजचा एपिसोड नेमका तुमच्यासाठीच आहे.

कल्पना करा. तुम्ही घरीच गाणं रेकॉर्ड करताय. सॉफ्टवेअरमध्ये मेट्रोनोम चालू आहे, टक् टक् टक् टक्. तुम्ही अगदी जीव ओतून गिटार वाजवलीत. प्ले करून बघता तर काय, सगळं मागे! पुन्हा टेक, पुन्हा मागे. पाचव्या टेकनंतर मनात येतं, ‘आपल्याला लयच नाही यार.’ कितीतरी जण इथेच वाद्य कोपऱ्यात ठेवून देतात. पण गंमत अशी की खूपदा दोष हाताचा नसतो. टक् वाजण्यापासून ते कानावर पडेपर्यंतच्या वाटेत तो कुठेतरी बसलेला असतो. आणि ही भानगड कॉम्प्युटरच्या आधीपासूनची आहे.

चला, थोडं मागे जाऊया.

लोलकाची लय त्याच्या लांबीवर ठरते हे गॅलिलिओच्या काळापासून माहीत होतं. फ्रान्समधल्या एतियेन लुलिएनं 1696 मध्ये त्यावरून संगीतासाठी लय मोजायचं यंत्र सुचवलं. अडचण होती उंचीची. मिनिटाला 60 ठोके हवे असतील तर साधा लोलक जवळपास एक मीटर लांब लागतो. 40 ठोके हवे असतील तर सव्वादोन मीटर! असलं धूड पियानोवर ठेवणार कुठे?

उत्तर सापडलं ॲमस्टरडॅममध्ये, 1814 साली. डीट्रिख विंकेल नावाच्या कारागिरानं दांडीच्या दोन्ही टोकांना वजन लावलं आणि टेकू मधे दिला. वरचं वजन खालच्याला थोडं अडवतं, त्यामुळे वीतभर दांडीसुद्धा अगदी सावकाश हलू शकते. मग तिथे आले योहान मेल्झेल. त्यांनी कल्पना विकत मागितली, विंकेलनी नकार दिला. मेल्झेलनी ती उचललीच, वर आकड्यांची पट्टी लावली आणि 1815 मध्ये स्वतःच्या नावावर पेटंट घेतलं. पुढे चौकशीत श्रेय विंकेलचं असल्याचं मान्य झालं, पण तोवर नाव मेल्झेलचं होऊन बसलं होतं.

या यंत्राचा सगळ्यात मोठा चाहता कोण? बीथोवन. 1817 मध्ये त्यांनी आपल्या पहिल्या आठ सिंफनींचे मेट्रोनोमचे आकडे छापून दिले. आणि तिथून सुरू झालं भांडण, कारण ते आकडे भयंकर जलद आहेत. ‘हामरक्लाव्हिअर’ सोनाटाच्या सुरुवातीला मिनिटाला 138 असा आकडा आहे. तो पाळताना पियानोवादकांना आजही घाम फुटतो. मेट्रोनोम बिघडला होता का? की बीथोवनना ऐकू येत नव्हतं म्हणून?

2020 मध्ये स्पेनमधल्या दोन संशोधकांनी याकडे चक्क दुरुस्तीच्या नजरेनं पाहिलं. त्यांनी सिंफनींची ढीगभर रेकॉर्डिंग्ज मोजली. वाजवणारे लोक लिहिलेल्या आकड्यापेक्षा हळू जातात, आणि हा फरक बऱ्यापैकी ठरावीक निघतो, साधारण 12. दांडीवर सरकणाऱ्या वजनाची उंची पट्टीवर साधारण तेवढीच भरते. म्हणजे वजनाच्या वरच्या कडेऐवजी खालच्या कडेचा आकडा वाचला गेला असावा, असं त्यांचं म्हणणं. नवव्या सिंफनीच्या हस्तलिखितावर ‘108 किंवा 120’ अशी नोंदही आहे. फरक बघा: बरोब्बर 12! सगळ्यांना हे पटलेलं नाही, पण त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. चूक एकसारखी असेल, तर यंत्र ठीक असतं आणि वाचणं चुकलेलं असतं.

दुसरा नमुना याच्या उलट. लाकडी मेट्रोनोम वाकड्या टेबलावर ठेवला की तो लंगडतो, टक्-टक्…, टक्-टक्…. इथे चूक प्रत्येक ठोक्याला बदलते. खाली कागदाची घडी सरकवली की पठ्ठ्या सरळ.

आता सिनेमाकडे. 1920 च्या दशकाच्या शेवटी डिस्नेच्या कार्टूनमध्ये उडी आणि ढोलाचा ठोका एकाच क्षणी पडायला हवा होता. फिल्मच्या आवाजाच्या पट्टीवर भोकं पाडली की ‘टक्’ वाजतो, मग वादकांनी तो कानात ऐकत वाजवायचं. या पद्धतीचं श्रेय संगीतकार कार्ल स्टॉलिंगना दिलं जातं. हिशोब सोपा: सेकंदाला 24 फ्रेम, मिनिटाला 1440. दर 12 फ्रेमला भोक पाडलं की 120 ची लय. आज ज्याला ‘क्लिक ट्रॅक’ म्हणतो, तो हाच.

मग ठोका आकड्यांत गेला आणि दोन नव्या भानगडी आल्या.

पहिली, सॅम्पल रेट. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे. त्या टेपच्या रेषांच्या गणितातून सेकंदाला 44,100 हा आकडा आला आणि सीडीत जाऊन बसला. व्हिडिओवाल्यांनी 48,000 धरला. आता 44,100 ची फाईल चुकून 48,000 नं वाजली, तर 120 चं गाणं 130 च्या पुढे पळतं आणि सूरही चढतो. इथे फरक दर ठोक्याला वाढत जातो.

दुसरी, लेटन्सी. कॉम्प्युटर आवाज घासाघासानं गिळतो. त्या घासाला म्हणायचं बफर. 512 सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण 12 मिलिसेकंद, ॲम्प चार मीटरवर ठेवल्यासारखं. हे चालून जातं, आणि सॉफ्टवेअर तेवढी भरपाईही करतं. पण ब्लूटूथ हेडफोन 200 मिलिसेकंदसुद्धा घेऊ शकतात आणि सॉफ्टवेअरला बहुतेकदा त्याचा पत्ताच नसतो. 120 च्या लयीत एक ठोका 500 मिलिसेकंदांचा. म्हणजे तुम्ही जवळपास अर्धा ठोका मागे, तेही अगदी लयीत वाजवून!

तर मंडळी, स्वतःला नावं ठेवण्याआधी ही चाचणी करा. हेडफोन माईकला चिकटवा, क्लिकच रेकॉर्ड करा आणि स्क्रीनवर झूम करून बघा. फरक सगळीकडे सारखा असेल तर लेटन्सी: वायरचा हेडफोन लावा, सेटिंगमधली भरपाई तपासा. फरक वाढत जात असेल तर सॅम्पल रेट जुळवा. कधी पुढे, कधी मागे असेल तर कॉम्प्युटर दमलाय: बफर वाढवा, बाकीची ॲप्स बंद करा. आणि क्लिक चोख बसला तर? मग रियाज. त्याला कुठल्याच सेटिंगमध्ये पर्याय नाही.

जाता जाता आपल्या तालवाल्यांसाठी एक. सॉफ्टवेअर मुळात चार-चारच्या मापात सुरू होतं आणि पहिला ठोका टोकदार वाजवतं. झपताल दहा मात्रांचा, म्हणजे तो टोकदार ठोका समेवरून घसरत जाणारच. माप बदलून दहाचं करा. रूपकाला सातचं करा, पण तिथे समेवरच खाली असते हे बिचाऱ्या क्लिकला कोण सांगणार? तो तिथेच जोरात टोकणार. त्यापेक्षा जोर बंद करा आणि सम स्वतःच्या हातावर मोजा.

लंगडणारा लाकडी मेट्रोनोम असो की उशिरा ऐकू येणारा क्लिक, आधी टेबल सरळ आहे का ते बघायचं, मग स्वतःला दोष द्यायचा. तो कोपऱ्यात ठेवलेला गिटार आज परत बाहेर काढा. चाचणीत काय निघालं ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!