मेटा-टॅग, गतिमान
महाजालावरील पृष्ठाच्या शीर्षभागात, वाचकास प्रत्यक्ष न दिसणाऱ्या जागी, त्या पृष्ठाविषयी नोंदलेली माहिती म्हणजे मेटा-टॅग होय. पृष्ठाचे वर्णन व अक्षरसंच यांसारख्या बाबी तीत येतात. ही माहिती प्रत्येक पृष्ठावर हाताने न लिहिता, पृष्ठाची मागणी येताच सर्व्हरवरील आज्ञावलीने नोंदसंग्रहातून काढून भरली, तर तिला गतिमान मेटा-टॅग म्हणतात.

एचटीएमएल २.० च्या विनिर्देशात (नोव्हेंबर १९९५) मेटा या घटकाचा समावेश झाला. प्रारंभी बहुतेक पृष्ठे स्वतंत्र फायलींत लिहून ठेवीत. पुढे पीएचपी (१९९५) ही भाषा आणि ड्रूपल (२००१), वर्डप्रेस (२००३) यांसारख्या आशय-व्यवस्थापन प्रणाली आल्या व एकाच साच्यातून हजारो पृष्ठे तयार होऊ लागली. साच्यात लिहिलेले वर्णन मात्र सर्व पृष्ठांवर सारखेच उमटे. हा दोष टाळण्यासाठी गतिमान पद्धती रूढ झाली.

या पद्धतीत पत्त्यावरून नोंद ओळखली जाते. तिचे शीर्षक, सारांश व भाषा वाचली जातात. अवतरणचिन्हे व कोनकंस निर्धोक रूपात बदलून मजकूर शीर्षभागात घातला जातो. शीर्षभाग पृष्ठाच्या आरंभीच पाठविला जात असल्याने नोंद त्यापूर्वी वाचून झालेली असावी लागते. वर्डप्रेसची मूळ प्रणाली वर्णनाचा टॅग आपणहून भरीत नाही. त्यासाठी पूरक आज्ञावली जोडावी लागते.

वऱ्हाडातील स्थलनामांवरून या पद्धतीचे महत्त्व स्पष्ट होते. ‘अमरावती’ हे नाव आंध्र प्रदेशातील प्राचीन बौद्ध स्तूपाच्या स्थळाचेही आहे. देवनागरीत दोहोंचे लेखन एकच असल्याने वर्णनात राज्याचा वा विदर्भाचा उल्लेख नसल्यास शोधणाऱ्याची दिशाभूल होते. अकोला जिल्ह्याचे राज्य गॅझेटिअर १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा वाशीम व मंगरुळपीर हे तालुके त्याच जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे मंगरुळपीरविषयीच्या जुन्या मजकुरावर केवळ ‘अकोला जिल्हा’ एवढीच खूण राहिल्यास तेथील आजच्या वाचकास तो सापडणे कठीण जाते. नोंदीत जुना व नवा जिल्हा अशी दोन्ही क्षेत्रे ठेवली, तर एका दुरुस्तीने संबंधित सर्व पृष्ठांची वर्णने बदलतात.

अमरावती व अकोला या जिल्ह्यांची मराठी व इंग्रजी संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या ‘एसथ्रीवास’ या सामाईक चौकटीवर उभारलेली आहेत. अशा द्विभाषी स्थळी मराठी पृष्ठाचे वर्णन मराठीतच असणे आणि पृष्ठाच्या भाषेची खूण ‘एमआर’ अशी असणे आवश्यक ठरते.

मेटा-टॅगचे सामर्थ्य मर्यादित आहे. शोधशब्दांच्या टॅगचा गैरवापर वाढला होता. आपण क्रमवारीसाठी तो विचारात घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. वर्णनाचा टॅगही क्रम वाढवीत नाही. मात्र शोधफलाखाली पुष्कळदा तोच मजकूर दिसत असल्याने वाचकाची निवड त्यावर अवलंबून राहते. आज्ञावली नोंदीतील मजकूर जसाच्या तसा उचलते; म्हणून मूळ नोंदीतील एक चूक शेकडो पृष्ठांवर पसरू शकते. नोंद राखणाऱ्याच्या दक्षतेस यामुळे विशेष महत्त्व आहे.