हैदराबाद सिटी पोलीस : वाटणीत राहून गेलेला संघ

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानचे जे राज्य उरले होते तेही नकाशावरून गेले. मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्रात आणि बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात. आपल्या बीदर जिल्ह्याचे तर आतल्या आत तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात आणि भालकी, हुमनाबाद, औराद, कल्याण इकडे राहिले. या वाटणीवर आपल्या भागात पुष्कळ लिहून झाले आहे आणि भांडूनही झाले आहे. परंतु त्या वाटणीत एक वस्तू कुणीच आपली म्हणून मागितली नाही. ती म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस हा फुटबॉलचा संघ.

न मागण्याचे कारण उघड आहे. निजामाची पोलीस म्हटले की आमच्या वडीलधाऱ्यांचा चेहरा आजही बदलतो. रझाकारांचे दिवस, १९४८ चे गोरटा, रात्री घर सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेलेली माणसे, हे ज्यांनी भोगले त्यांना त्याच पोलिसांच्या चषकांचे कौतुक कोणत्या तोंडाने सांगावे? माझे एक चुलते शिक्षणासाठी हैदराबादेस होते. तिथल्या फुटबॉलच्या गर्दीचे वर्णन ते रंगून करीत; पण आजोबा ओसरीवर आले की विषय बदलीत. दोघांचेही बरोबर होते असे मला वाटते. आजोबांचे दुःख खरे होते आणि चुलत्यांचा आनंदही खोटा नव्हता.

संघ उभा राहिला १९३९ च्या सुमारास. त्याला घडवले ते मात्र कुणा फौजदाराने नव्हे, तर एका शाळामास्तराने. सय्यद अब्दुल रहीम (जन्म १७ ऑगस्ट १९०९) हे उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. काचीगुडा, चादरघाट अशा शाळांतून त्यांनी मुलांना शिकवले आणि पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. सारे त्यांना ‘रहीमसाब’ म्हणत. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस आणि १९५० पासून अखेरपर्यंत सिटी पोलीसचे प्रशिक्षक होते. आमच्या पेशातला हा माणूस असल्याने माझा थोडा पक्षपात होत असेल, तो वाचकांनी समजून घ्यावा.

त्यांच्या शिकवण्यात मास्तरकी पुरेपूर होती. चेंडू पायात घोळवीत राहणे त्यांना खपत नसे. म्हणून त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यात चेंडू घोळवायलाच मनाई. काही स्पर्धांत खेळाडूने आपल्या कच्च्या पायानेच खेळायचे. उजव्या हाताच्या मुलाला डाव्या हाताने पाटीवर लिहायला लावण्यासारखाच हा प्रकार! पण त्यातून दोन्ही पायांनी सारखे खेळणारे आणि एकमेकांवर विसंबणारे गडी तयार झाले.

फळ दिसले ते मुंबईत. रोव्हर्स चषक ही १८९१ पासूनची, कूपरेजच्या मैदानावर भरणारी मातब्बर स्पर्धा. बंगळूरच्या मुस्लिम संघाने १९३७ साली जिंकेपर्यंत ती कोणत्याही भारतीय संघाच्या हाती लागली नव्हती. सिटी पोलीसने हा चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे नेला. १९५० सालीच ड्युरँड चषकात त्यांनी मोहन बागानला हरवले. पोलीस अ‍ॅक्शनला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. ज्या शहराचे नाव देशभर रझाकारांमुळे कुप्रसिद्ध झाले होते, त्याच शहराचे नाव आता कूपरेजच्या प्रेक्षकांच्या तोंडी दुसऱ्या कारणाने येऊ लागले.

देशाचा संघही रहीमसाबांच्याच हाती आला. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक. १९५२ साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार. आपले बरेच गडी तेव्हा अनवाणी खेळत, आणि त्यानंतरच बूट सक्तीचे झाले. मग मेलबर्न. हैदराबाद राज्य मोडून बरोबर महिना झाला होता. १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. त्या संघात अझीझुद्दीन, नूर महंमद, तुळशीदास बलराम अशी हैदराबाद-सिकंदराबादची मंडळी होती. आशियातला कोणताही देश तोवर ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोचला नव्हता. पुढचे दोन सामने हरून भारत चौथा आला.

राज्य गेले तरी संघाचे नाव लगेच गेले नाही. १९५६-५७ आणि १९५७-५८ असा दोनदा संतोष करंडक हैदराबादने जिंकला, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरवले ते मुंबईला! भालकी-कल्याणचा मराठी माणूस तेव्हा सरकारी कागदावर म्हैसूरचा, मनाने मुंबई राज्याकडे ओढलेला आणि पोरवयापासून हैदराबादच्या हवेत वाढलेला. त्याने टाळ्या कुणासाठी वाजवाव्या? चुलत्यांना मी हे विचारले होते. ते म्हणाले, “अरे, टाळ्या वाजवल्या हैदराबादसाठी, आणि अर्ज केला मुंबईला जाण्याचा.”

तुर्कस्तानात इस्तंबूलचा गालातासराय हा संघ १९०५ साली एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी काढला. साम्राज्य बुडाले, प्रजासत्ताक आले, तरी शाळेचे नाव संघाने टाकले नाही. आपल्याकडे मात्र सरकारी खात्याचा संघ सरकारबरोबर नाव बदलतो. सिटी पोलीसचे ‘आंध्र पोलीस’ झाले. १९६० चा रोव्हर्स आणि १९६१ चा ड्युरँड त्याच नव्या नावावर जमा आहेत.

४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्तात रहीमसाबांच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून दुसरे आशियाई सुवर्ण मिळवले. कर्करोगाने त्यांना तेव्हाच पोखरले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले. २०२४ साली ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट त्यांच्यावर निघाला. आमच्या शाळेची काही मुले तो पाहून आली आणि विचारू लागली, “सर, हे हैदराबाद आपले कधी होते का?” इतिहासाच्या तासाला मी फळ्यावर जुन्या बीदर जिल्ह्याचा नकाशा काढला, आणि उदगीरपासून सुरुवात केली.