‘मोआ’ म्हणजे कोंबडी

शिकारीचा इतिहास म्हटला की आपल्याला राजेरजवाड्यांची मचाणे आणि पेंढा भरलेले वाघ आठवतात. पोटासाठी केलेल्या शिकारीचे दफ्तर नसते. मागे उरतात हाडे, राख आणि क्वचित एखादा शब्द. न्यूझीलंडच्या मोआ या नामशेष पक्ष्याविषयी वाचताना मी अशाच एका शब्दाशी अडलो. ताहिती, सामोआ, हवाई येथील भाषांत ‘मोआ’ म्हणजे साधी घरची कोंबडी. मग अडीचशे किलोंपर्यंत वजन भरणाऱ्या पक्ष्याला हे नाव का मिळाले?

याचे उत्तर स्थलांतरात आहे. तेराव्या शतकाच्या सुमारास पूर्व पॉलिनेशियातले दर्यावर्दी या भूमीवर उतरले. ही माणसे उष्ण कटिबंधातल्या लहान बेटांवरची. नारळ, नीरफणस, केळी, डुकरे, कोंबड्या आणि मासे यांवर त्यांचा संसार चाले. नव्या भूमीत नारळ आणि नीरफणस रुजले नाहीत. डुकरे-कोंबड्याही इथे टिकल्या नाहीत. कुत्रा आणि उंदीर तेवढे तगले. रताळे उत्तरेत जगले, पण त्याला थंडीत खड्ड्यांत साठवावे लागे. दक्षिण बेटाच्या बऱ्याच भागात तेही येईना. तिथे बागाईत करणाऱ्यांना शिकारीवर जगणे भाग पडले.

समोर होते मोआ. त्यांच्या नऊ जाती होत्या, आणि पंख एकीलाही नव्हते. वटवाघळे सोडली तर या भूमीवर सस्तन प्राणी नव्हते. मोआचा मोठा शत्रू म्हणजे हास्ट गरुड. आकाशातून येणारे संकट ओळखणाऱ्या पक्ष्याला पायी चालत येणारा माणूस हे संकट वाटले नसावे, असे मला वाटते.

नवागत किती लवकर शिकले, हे त्यांच्या वस्तूंवरून दिसते. पूर्वीच्या बेटांवर ते मोत्याच्या शिंपल्याचे गळ करीत. इथे तो शिंपला नव्हता, म्हणून मोआच्या हाडाचे गळ केले. तुहुआ बेटावरचा काळा काचदगड थोड्याच काळात दूरदूरच्या वस्त्यांत पोचला. 1939 मध्ये वैराऊ नदीच्या मुखाशी एका शाळकरी मुलाला जुने दफन सापडले. मृताजवळ भोक पाडलेले मोआचे अंडे होते. ज्या पक्ष्याचे मांस खायचे, त्याच्याच अंड्याचे जलपात्र करून ते मृताच्या सोबतीला दिले होते. पुढे तिथे आणखी दफने उकरली गेली. संग्रहालयात गेलेले ते अवशेष 2009 मध्ये वंशजांनी परत आणून त्याच भूमीत पुरले.

आता कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी म्हणालो होतो, की निसर्गाजवळ राहणारा समाज आपोआप समतोल राखतो. मोआच्या हाडांनी मला ते विधान मागे घ्यायला लावले. या हाडांत वाढीची वलये दिसतात. ती सांगतात, की काही जातींना पूर्ण वाढायला अनेक वर्षे लागत. अशा पक्ष्याची प्रौढ मादी मारली की तिची जागा भरायला फार काळ जातो. शिकारी संख्येने थोडेच होते. तरी साधारण दीडशे वर्षांत सगळे मोआ संपले. पाठोपाठ गरुडही गेला.

याला हावरटपणा म्हणून मोकळे होणेही मला पटत नाही. सावज कुठे सापडते, हे एका पिढीत कळते. ते किती वर्षांनी भरून येते, हे कळायला अनेक पिढ्या त्याच जागी राहावे लागते. पहिले ज्ञान नवागताला भूक शिकवते. दुसरे बहुधा नुकसानच शिकवते. माओरी समाजात ‘राहुई’ ही प्रथा आहे: एखाद्या जागेवरची शिकार, मासेमारी काही काळ बंद ठेवायची. अशा बंदीची कल्पना पूर्वजांबरोबरच आली होती, कारण पॉलिनेशियात इतरत्रही ती आढळते. पण कोणत्या जागी, कशासाठी आणि किती काळ बंदी घालायची, हे या भूमीकडूनच शिकावे लागले. मोआच्या बाबतीत तेवढा अवधी मिळाला नाही. ‘मोआसारखे नाहीसे होणे’ ही म्हण तेवढी भाषेत राहिली.

पुढे युरोपियांच्या गलबतांतून खरी कोंबडी न्यूझीलंडला पोचली. तोवर तिचे जुने नाव एका हरवलेल्या पक्ष्याकडे गेले होते. आजच्या माओरी भाषेत कोंबडीला म्हणतात ‘हेइहेइ’.