सेंट मेरीच्या देवळांतील मृत्यु

इंग्रजी कादंबरीच्या पेठेंत गेल्या अर्धशतकापासून एक निराळाच माल खपतो आहे. मध्ययुगांतील एखादा खून, राजदरबारीं वावरणारे हेर, आणि या साऱ्याचा छडा लावणारा एक धर्मोपदेशक, असा त्याचा सांचा. एलिस पीटर्सबाईंच्या ब्रदर कॅडफेलनें १९७७ सालीं ही वाट पाडली, आणि पॉल डोहर्टी यांनीं पुढें तिचा हमरस्ता केला. डोहर्टी हे इतिहासाचे व्यासंगी. तरुणपणीं तीन वर्षें त्यांनीं धर्मोपदेशकाच्या दीक्षेसाठीं शिक्षणहि घेतलें होतें. १९९१ सालीं सुरू झालेल्या त्यांच्या एका मालिकेंतील ब्रदर अॅथेल्स्टन हा डॉमिनिकन साधु टेम्सच्या दक्षिण तीरावरील सदर्क या दरिद्री वस्तींत धर्मोपदेशकाचें काम करतो, आणि लंडनच्या कॉरोनरचा लेखनिक म्हणून प्रेतांचीहि तपासणी करतो. काळ १३७७ सालापासून पुढचा.

श्रोतेहो, यांत इतिहास किती आणि कल्पना किती, एवढाच आजचा प्रश्न आहे.

डोहर्टी यांची पहिली कादंबरी १९८६ सालीं निघाली. तिचा नायक ह्यू कॉर्बेट हा साधु नव्हे, तर राजाच्या न्यायालयांतील कारकून. पण तिच्या मुळाशीं असलेली हकीकत खरी आहे. १२८४ सालीं लंडनच्या चीपसाइड पेठेंत लॉरेन्स डकेट नांवाच्या सोनारानें राल्फ क्रेपिन याला जबर जखमी केलें, आणि भयभीत होऊन सेंट मेरी-ल-बो या देवळाचा आश्रय घेतला. देवळांत शिरलेल्या आरोपीस त्या काळीं चाळीस दिवसपर्यंत कोणी हात लावीत नसे. त्या मुदतींत त्यानें कॉरोनरपुढें गुन्हा कबूल करून देशत्याग पत्करावा, नाहीं तर न्यायासनासमोर जावें. डकेटवर यांपैकीं कांहींच करण्याची वेळ आली नाहीं. एके दिवशीं तो देवळांतच फांसावर लटकलेला आढळला. चौकशी होऊन आत्महत्या ठरली. प्रेत पाय धरून फरफटत नेण्यांत आलें आणि शहराबाहेर खंदकांत पुरलें गेलें.

मग एका मुलानें तोंड उघडलें. त्या रात्रीं तो डकेटच्या सोबतीस देवळांत होता, आणि मारेकरी आंत शिरतांच लपून बसला होता. त्याच्या साक्षीनें सारें चित्र पालटलें. अॅलिस नांवाची स्त्री कटाची सूत्रधार ठरली, तिला जिवंत जाळलें. कित्येक पुरुष फांसावर गेले. देऊळ बहिष्कृत होऊन त्याचीं दारें-खिडक्या कांट्यांनीं बुजविण्यांत आलीं. डकेटचें प्रेत मात्र खंदकांतून उकरून ख्रिस्ती विधीनें पुन्हा पुरलें.

येथें छडा लावणारा असा कोणीच नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. कॉरोनरचें पद ११९४ सालचें. पण त्याची पहिली नजर राजाच्या महसुलावर असे. आत्महत्या ठरली कीं मृताची चीजवस्तू राजाकडे जमा! पंच म्हणजे शेजारीपाजारीच. त्यांना जें ठाऊक असेल तेंच सत्य. तेव्हां शोधक कारकून काय किंवा शोधक साधु काय, तो कादंबरीकारानें रिकाम्या जागीं बसविला आहे.

हेराचें तसें नाहीं. तो अस्सल आहे. १२९५ सालीं टॉमस टर्बरव्हिल नांवाचा इंग्रज सरदार फ्रेंचांच्या कैदेंत सांपडला. आपले मुलगे ओलीस ठेवून, सुटून आल्याचें सोंग करीत, तो पहिल्या एडवर्डच्या दरबारीं परतला. वाइट बेटावर पहारा जेमतेमच आहे, अशा मजकुराचें पत्र त्यानें पॅरिसच्या अधिकाऱ्यास लिहिलें. परंतु जासूदच उलटला. बैलाच्या कातड्यावरून ओढीत नेऊन त्याला फांशी दिलें. तें पत्र नॉर्विचच्या मठांतील बार्थॉलोम्यू कॉटन या साधूच्या बखरींत उतरलें आहे. साधूनें हेर पकडला नाहीं, पण त्याचा कागद मात्र जपला.

असें असूनहि धर्मोपदेशकाची निवड मला चुकीची वाटत नाहीं. १२१५ सालीं रोमच्या लॅटरन प्रासादांत भरलेल्या धर्मपरिषदेनें दोन गोष्टी ठरविल्या. एक, दिव्यास धर्मगुरूंनीं आशीर्वाद देऊं नये. आपल्या जुन्या कागदपत्रांतून भेटणारें रवादिव्य ज्यांनीं वाचलें असेल, त्यांना या ठरावाचें महत्त्व सांगावयास नको. इंग्लंडांत १२१९ सालीं दिव्य बंद पडलें आणि देवाऐवजीं माणसाच्या तोंडून सत्य काढणें भाग झालें. दुसरी गोष्ट, प्रत्येकानें वर्षांतून एकदां तरी आपल्या धर्मगुरूपाशीं पापनिवेदन करावें. आणि त्यानें तें फोडल्यास पदच्युत होऊन जन्मभर कडक मठांत प्रायश्चित्त भोगावें. म्हणजे वस्तींत सर्वांत अधिक ज्याला ठाऊक, त्याच्याच तोंडाला कुलूप! याहून अवघड शोधक कादंबरीकाराला कोठें मिळणार?

आणि मेलेल्याला पवित्र भूमींत पुरावयाचें कीं खंदकांत, हा प्रश्न अखेर त्याच्याच दाराशीं येई. डकेटच्या आप्तांना तो प्रश्न फांशी गेलेल्यांच्या संख्येहून मोठा वाटला असेल.

तें देऊळ १६६६ च्या आगींत भस्म झालें. रेननें उभारलेलें नवें १९४१ च्या बाँबवर्षावांत ढासळलें, तें पुन्हा बांधून १९६४ सालीं खुलें झालें. त्याखालचें तळघर मात्र अकराव्या शतकांतलें आहे. डकेट वर लपला होता, तेव्हांहि तें तेथें होतें.