हबक्कूकची तक्रार

आमच्या मंडळीत शब्बाथ शाळेच्या मुलांना मी बारा लघु संदेष्टे शिकवते. हबक्कूक आला की माझा पाय तिथेच अडतो. तीन अध्याय, अवघी 56 वचने. पण पहिल्याच अध्यायात हा माणूस देवाला जाब विचारतो. देशात बळजोरी माजली आहे, न्याय उलटा होतो आहे, आणि तू ऐकत का नाहीस? उत्तर मिळते ते आणखी भयंकर. शिक्षा करायला खास्दी, म्हणजे बाबेलचे लोक, येत आहेत. त्यांनी इ.स.पू. 605 मध्ये कर्कमीश येथे मिसरी सैन्याचा मोड केला, त्याच सुमाराचा हा संवाद मानतात. हबक्कूक तरी हटत नाही. आमच्याहून दुष्ट लोकांच्या हातून आम्हाला शिक्षा, हा कुठला न्याय? एवढे विचारून तो बुरुजावर उत्तराची वाट पाहत उभा राहतो.

नीतिमान माणसाला त्याचा विश्वास तारील, हे आश्वासन त्याला मिळाले ते या भांडणात. पौलाने ते रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत घेतले. पौलाच्या पत्रातूनच ते मार्टिन लूथरच्या मनाला भिडले. त्याचा अर्थ उमगला तेव्हा आपला नवा जन्म झाला असे वाटले, अशी आठवण त्याने 1545 मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, लिहून ठेवली. आम्हा प्रॉटेस्टंटांचा तर तो पाया. पण आम्ही वचन पाठ करतो आणि त्यामागची तक्रार गाळतो, हे मला फार खटकते. तक्रार गाळली की विश्वास म्हणजे नुसती मान डोलावणे उरते.

तिसरा अध्याय गीत आहे. शेवटी तंतुवाद्यांची सूचनासुद्धा आहे. अंजिराला बहर नाही, शेतात पीक नाही, गोठा रिकामा, तरी मी देवाच्या ठायी हर्ष करीन, असा त्याचा आशय. 1972 च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातली माझी आजी हे गीत मोठ्याने वाचायची. तिच्या दावणीला तेव्हा एकही जनावर उरले नव्हते.

कॅथलिक बायबलात दानीएलाच्या ग्रंथात हबक्कूकची आणखी एक गोष्ट आहे, आमच्यात नाही. तो यहूदियात कापणी करणाऱ्यांसाठी जेवण घेऊन निघाला असता देवदूत त्याला केसांना धरून बाबेलला नेतो, सिंहांच्या गुहेतल्या दानीएलाला ते जेवण देण्यासाठी. रोमच्या सांता मारिया देल पोपोलो चर्चमध्ये बर्निनीने हाच क्षण संगमरवरात घडवला आहे. देवदूताचे बोट दानीएलाकडे आहे, हबक्कूकचे आपल्या शेताकडे. तिथेही तो लगेच ऐकत नाही.