युद्धाला नकार देणारा एक दिवस

उल्हासनगरात पत्ता सांगताना माणूस आजही ‘कँप तीन’, ‘कँप चार’ असेच म्हणतो. हा कँप कशाचा, हे नव्या पिढीला ठाऊक असतेच असे नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभारली. फाळणीनंतर तिच्याच बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार मांडले आणि १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्या युद्धाची ही खूण, ते सुरू होताच त्याला नकार देणारे कामगार मुंबईत होते. त्यांची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. लोकांच्या प्रतिनिधींना विचारण्याची गरज त्यांना भासली नाही. २ ऑक्टोबरला, सोमवारी, मुंबईच्या सुमारे ९०,००० कामगारांनी एक दिवसाचा संप करून त्याला उत्तर दिले. पुढाकार लाल बावट्याच्या पुढाऱ्यांचा होता. मागणी पगाराची नव्हती की बोनसाची नव्हती. हे युद्ध आमचे नाही, एवढेच सांगायचे होते.

गिरणीतल्या माणसाला हे कळले कसे? ते त्याच्या घरातच घडून गेले होते. पहिल्या महायुद्धात गिरणीमालकांना अमाप नफा झाला. कामगाराच्या वाट्याला महागाई आली. त्यातूनच जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. युद्धाचे बिल कोणाच्या नावावर फाडले जाते, हे तेव्हापासून चाळीतल्या बायकांनाही पाठ होते.

आमच्या अंबरनाथेत युद्धसाहित्याचा सरकारी कारखाना आहे. एका गेट-मीटिंगला एका कामगाराने आम्हांला विचारले, “साहेब, युद्ध नको म्हणता, पण आमची चूल त्यावरच पेटते. आम्ही काय म्हणायचे?” प्रश्न खरा होता आणि त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. पुढे वाचताना ध्यानात आले की १९३९ च्या कामगारापुढेही हाच पेच होता. युद्ध म्हणजे लष्करी कापडाची मागणी, जादा पाळ्या, हाताला काम. तरीही तो एक दिवस बाहेर पडला. कामाची गरज असणे आणि युद्धाला संमती देणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे त्याने दाखवले.

त्या संपाने युद्ध थांबले नाही. पण मार्च १९४० मध्ये महागाईभत्त्यासाठी गिरण्या बंद पडल्या आणि सुमारे ४० दिवस बंद राहिल्या, तेव्हा एकजुटीची ती तालीम कामी आली, असे आम्ही समजतो.

आता कडू भागही सांगितला पाहिजे. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला. त्यानंतर काही महिन्यांतच त्याच कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी हे लोकयुद्ध असल्याचे ठरवले आणि उत्पादन थांबू नये म्हणून संपाला विरोध केला. फॅसिझमचा धोका खरा होता, हे आम्ही नाकारत नाही. पण कालचा नकार आज होकार कसा झाला, याचा निर्णय कामगाराच्या सभेत झाला नव्हता. युनियन चालवणाऱ्याने हा धडा कधी विसरू नये.

१५ फेब्रुवारी २००३ रोजी इराकवरील युद्धाविरुद्ध लंडनच्या रस्त्यांवर लाखो माणसे उतरली. पोलिसांचाच अंदाज साडेसात लाखांचा होता. पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झाले. मग चालणे फुकट गेले काय? आमचे मत तसे नाही. त्या दिवसानंतर ब्रिटनचे सरकार लोकांच्या नावाने बोलले, तरी सारे लोक आपल्यामागे आहेत, असे त्याला म्हणता आले नाही. १९३९ च्या कामगारांनीही व्हाइसरॉयच्या हातून तेवढेच काढून घेतले होते.

पुढच्या वेळी कोणी आपल्याला न विचारता आपल्या नावाने युद्ध पुकारले, तर निदान एक दिवस तरी आपण उभे राहू काय? त्या गेटवरच्या कामगारासकट आपण सर्वांनीच याचे उत्तर द्यायचे आहे.